छपराच्या दिवशी कोण वारलं

गेल्या दोनशे वर्षांतल्या सगळ्या मोठ्या सकाळी लाउमेआंना पाठ होत्या. पहिला धर्मोपदेशक बेटावर उतरला ती सकाळ, दोन घराण्यांनी भाले खाली ठेवले ती सकाळ, कोण कोणाच्या उजव्या हाताला बसलं होतं आणि कोणी कोणाला आधी पेला दिला, सगळं. आजची सकाळ तेवढी हातात राहत नसे. न्याहारी झाली की नाही, हे ते मुलीला विचारत. आणि मुलीने ‘झाली’ म्हटलं, की माप मारणाऱ्या दुकानदाराकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहत.

मुलगी फुआतिनो. वय एक्कावन्न, वाइतोआ गावच्या शाळेत मुख्याध्यापिका, अंगाने भरलेली, आवाज पटांगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आणि गावचे सर्वांत ज्येष्ठ वक्ते. पाहुणे आले, लग्न लागलं, माणूस गेलं, की गावाच्या वतीने पटांगणात काठी टेकून उभं राहायचं आणि बोलायचं, हे वक्त्याचं काम. लाउमेआ हे त्यांचं नाव नव्हे, पदाचं नाव. पण मूळचं नाव घेऊन हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं.

भाषणाचा क्रम ठरलेला असतो. आधी देवाचे आभार, मग पाहुण्यांच्या घराण्यांचे मान, मग जुन्या सकाळी, आणि शेवटी आजचा दिवस, म्हणजे आपण कशासाठी जमलो आहोत ते. पहिल्या तिन्ही भागांत लाउमेआंची जीभ अजून एकदाही अडली नव्हती. चौथ्यात मात्र काय निघेल, ते देवालाच ठाऊक. ईस्टरनंतरच्या लग्नात त्यांनी नवरीकडच्या मंडळींना भरल्या गळ्याने सांगितलं होतं, की गेलेला जीव परत येत नाही, तुम्ही धीर धरा. लोकांनी माना खाली घातल्या. नवरीची आई तेवढी म्हणाली, की इतकं खरं आजवर कोणीच बोललं नव्हतं.

मग त्यांना गप्प का बसवत नव्हते? तर त्याला कारण होती मानाची हुज्जत. बोलण्याआधी गावच्या वक्त्यांनी एकमेकांशी हुज्जत घालायची, की आज कोण बोलणार. पाहुण्यांसमोर, मोठ्याने, आदराने. प्रत्येकाने मान मागायचा, मग एकेकाने सोडायचा. यात एक युक्तिवाद बिनतोड समजला जातो: ‘आपण परवाच बोललात, आज मला बोलू द्या.’ आणि त्यावर नेहमीचं उत्तर असतं: ‘छे, मी कुठे बोललो? किती दिवस झाले, माझा आवाज कोणी ऐकला नाही.’ बाकीचे हे उत्तर रीत म्हणून देत. लाउमेआ खरं म्हणून देत. ते उत्तर देताना त्यांचा चेहरा इतका निष्पाप दिसे, की समोरच्याला आपणच खोटारडे वाटू लागे. गेल्या दोन वर्षांत ते एकही हुज्जत हरले नव्हते.

शाळेच्या नव्या छपराच्या आठ दिवस आधी गावचे प्रमुख सेउमालू फुआतिनोच्या घरी आले. जाडजूड, सावकाश बोलणारे गृहस्थ. कोको प्यायले, दुसरा पेला मागितला, तेव्हाच ती समजली की काहीतरी वाईट सांगायचं आहे.

“पलीकडच्या उपोलू बेटावरून मालाएताई गावची मंडळी येणार,” ते म्हणाले. “साठ माणसं. छप्पर त्यांनी दिलंय.”

“मला माहीत आहे, सेउमालू. शाळा माझी आहे.”

“त्यांचा वक्ता तुलेई. तो एक शब्द विसरत नाही.”

“आमचेही विसरत नाहीत. फक्त दिवस विसरतात.”

सेउमालूंनी पेला खाली ठेवला. “फुआतिनो, बाबांना त्या दिवशी घरी ठेव.”

“कसं ठेवू? शंख वाजला की ते चालायला लागतात. मागच्या वेळी दाराला कडी घातली, तर दारच कुठे आहे म्हणाले. आपल्या घरांना भिंती कुठे असतात, बरोबरच होतं त्यांचं. ते खांबांमधून गेले.”

“मग ऐक. आपला धाकटा वक्ता पाउगा त्यांना हुज्जतीत हरवेल. आणि नाहीच हरवू शकला, नि तुझे बाबा बोलले, नि पुन्हा एकदा छपराच्या दिवशी कोणाला मूठमाती दिली, तर सोमवारी गावची सभा त्यांच्याकडून काठी परत घेईल. माझा नाइलाज आहे.”

फुआतिनोने ते ऐकून घेतलं. तिला एवढंच दिसलं, की काठी गेली तर बाबा दिवसभर चटईवर बसून न्याहारीचं विचारत राहतील. भाषण असलं की त्याच्या आदल्या दिवसापासून ते ताठ होत, दाढी करत, तिला तिच्या नावाने हाक मारत. भाषण नसलं, तर तिला ‘अहो बाई’ म्हणत. परवाच तिला जवळ बसवून म्हणाले होते, “माझी एक मुलगी आहे, अहो बाई. शाळेत जाते. फार हुशार आणि गोड. तुमच्यासारखी चिडकी नाही.”

तिने तयारी सुरू केली. पंचवीस वर्षं तिने मठ्ठ पोरांकडून पाढे पाठ करून घेतले होते. बापाकडून एक ओळ करून घेणं तिला अवघड वाटलं नाही.

“बाबा, शनिवारी काय आहे?”

“छप्पर.”

“कोणाचं?”

“शाळेचं. निळं. मालाएताईच्या लोकांनी दिलं.”

“शाबास! आणि ते लोक कुठे बसणार?”

“कुठे म्हणजे? समोर बसतील.” लाउमेआंचा चेहरा गंभीर झाला. “पण वारलं कोण?”

मंगळवारी हे अकरा वेळा झालं. बुधवारी तिने भाषणाच्या वेळी खांद्यावर टाकायच्या त्यांच्या चवरीच्या दांड्याला निळी चिंधी बांधली. त्यांनी ती सोडली, त्या चिंधीनेच नाक पुसलं आणि ती मुलीला परत दिली. गुरुवारी तिने त्यांना शाळेसमोर उभं केलं. त्यांनी छपराकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं आणि म्हणाले, “सुंदर आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा उसाच्या पाल्याचं होतं. गळायचं. पहिल्या ओळीतल्या मुलांच्या पाट्या धुऊन निघायच्या. मी आणि इओपू मुद्दाम पहिल्या ओळीत बसायचो.” मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “इओपू कुठे आहे?”

“मासे धरायला गेलाय,” फुआतिनो म्हणाली.

हे उत्तर ती झोपेतही देऊ शकली असती. सगळं गाव देऊ शकलं असतं. इओपू हा लाउमेआंचा जन्मभराचा मित्र, गावातला सर्वांत चांगला कोळी, गेल्या जुलैत वारला होता. लाउमेआ तेव्हा अंत्यविधीला होते, रडले होते, आणि चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं होतं की इओपू दिसत नाही कुठे. खरं सांगितलं, तर पुन्हा पहिल्यापासून रडले. तिसऱ्यांदा तसं झालं, तेव्हा इओपूची बायको पेपे हिनेच ठरवलं. “दर आठवड्याला नवा विधवा होतोय तो,” ती म्हणाली. “मी एकदाच झाले, तेच पुरे आहे. सांगा त्याला, मासे धरायला गेलाय.” आणि गोष्ट खोटी पडू नये म्हणून ती दर शुक्रवारी पुतण्याने आणलेल्या माशांतला एक लाउमेआंकडे पाठवू लागली. तो खाऊन लाउमेआ म्हणत, “इओपूचा हात अजून चांगला आहे.”

शुक्रवारी फुआतिनोला पाउगा रस्त्यात भेटला. पाउगा पंचेचाळिशीचा, वीजमंडळात मीटर वाचायच्या कामावर. कामामुळे त्याला तारखा आणि आकडे तोंडपाठ ठेवायची सवय लागली होती.

“बाई, राग मानू नका,” तो म्हणाला. “सेउमालूंनी मला सांगितलंय, की जिंकायचं. मीही दोन वर्षं हरतोय. बायको म्हणते, तुम्हाला वक्ता कोणी केलं, मुक्यांच्या शाळेत जा.”

“आणि कसा जिंकणार आहेस?”

“यादी केलीय मी,” पाउगा आवाज उतरवून म्हणाला. “गेल्या दोन वर्षांत ते कधी कधी बोलले, तारखेसकट. नाही म्हणूच शकणार नाहीत.”

“पाउगा, त्यांना पाहुण्यांसमोर ‘तुम्ही विसरता’ म्हणायचं नाही. एवढं कर.”

“देवाशपथ नाही म्हणणार,” पाउगा म्हणाला. आणि तो शब्द त्याने पाळला, हे नंतर सगळ्यांनी कबूल केलं.

शनिवारी दोन बसगाड्या बोटीवरून उतरून नऊ वाजता गावात आल्या. मालाएताईची साठ माणसं पटांगणाच्या समुद्राकडच्या बाजूला मांडवात बसली. वाइतोआची मंडळी समोर. मध्ये मोकळं हिरवं गवत. एका बाजूला निळं छप्पर उन्हात इतकं चमकत होतं, की त्याच्याकडे पाहताना डोळे बारीक करावे लागत. सहा डुकरं पहाटेपासून तापल्या दगडांखाली होती. पाहुण्यांच्या मांडवामागे मोठी मानाची चटई गुंडाळून ठेवलेली दिसत होती, केतकीच्या पानांची, रेशमासारखी मऊ, काठाला लाल पिसं. ती छपराबरोबर शाळेला द्यायची होती.

लाउमेआ दाढी करून, खांद्यावर चवरी टाकून आले होते. येताना म्हणाले, “फुआतिनो, आज छप्पर. बरोबर?” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बायकांच्या बाजूला, पेपेशेजारी बसली.

हुज्जत सुरू झाली. पाच वक्ते. पहिल्या तिघांनी रीतीप्रमाणे मान मागितला आणि रीतीप्रमाणे सोडला. उरले लाउमेआ आणि पाउगा.

“लाउमेआ,” पाउगा म्हणाला, “आपली जीभ म्हणजे या गावची शान. पण जिभेलाही विसावा हवा. आज ही काठी या लहानाला द्या. आपण बरेचदा बोललात.”

“पाउगा, लेकरा,” लाउमेआ म्हणाले, “गोड बोलतोस. पण माझा आवाज या पटांगणाने ऐकून किती काळ लोटला! माझी काठी कोपऱ्यात वाळवीने खाल्ली.”

मालाएताईच्या मांडवात कौतुकाची कुजबुज झाली. तुलेईने, तिकडच्या सत्तरीतल्या वक्त्याने, मान हलवली. पाउगाने घसा साफ केला. त्याची यादी आली.

“आपण ईस्टरनंतरच्या मंगळवारी बोललात, लग्नात.”

“मी? नाही रे.”

“मे महिन्याच्या बारा तारखेला बोललात, आरोग्य खात्याचे साहेब आले तेव्हा.”

“कोणते साहेब?”

“त्याआधी नाताळात. त्याआधी नोव्हेंबरच्या तीन तारखेला, विहिरीच्या पंपाच्या वेळी. त्याआधी...” पाउगाला आता सूर सापडला होता, मीटरचे आकडे वाचावेत तशा तारखा येत होत्या. “त्याआधी जुलैच्या एकोणीस तारखेला, इओपूच्या अंत्यविधीला...”

तो थांबला. पण जे निघायचं ते निघून गेलं होतं.

फुआतिनोच्या शेजारी पेपेचा पंखा हलायचा थांबला. वाइतोआच्या सगळ्या माणसांनी एकाच वेळी गवताकडे पाहिलं.

“इओपू?” लाउमेआ म्हणाले. “इओपू मासे धरायला गेलाय.”

लाउमेआंनी सेउमालूंकडे पाहिलं. सेउमालूंनी नारळाच्या झाडाकडे पाहिलं. मग लाउमेआंनी बायकांच्या बाजूला पाहिलं, आणि पटांगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “पेपे, इओपू मासे धरायला गेलाय ना?”

पेपे ब्याऐंशी वर्षांची होती आणि धर्मोपदेशकाची मुलगी होती. गेलं वर्षभर ती दर शुक्रवारी माशासकट खोटं बोलली होती. पण साठ पाहुण्यांच्या देखत, सरळ नाव घेऊन विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं तिच्या जिभेला जमेना.

“नाही, लाउमेआ,” ती म्हणाली. “तो गेला.”

लाउमेआंनी काठी खाली ठेवली, दोन्ही हात तोंडावर घेतले आणि मोठ्याने रडायला सुरुवात केली.

गावातला सर्वांत मोठा माणूस रडत असताना कोरड्या डोळ्यांनी बसणं वाइतोआत कोणालाच शक्य नव्हतं. आधी म्हाताऱ्या बायकांनी गळा काढला. मग त्यांच्या सुनांनी. मग पेपेही रडू लागली आणि थांबेना. पाउगा तर उभ्या उभ्या हमसून रडत होता. त्याचं कारण निराळं होतं.

पलीकडच्या मांडवात गोंधळ उडाला. तुलेईने शेजाऱ्याला विचारलं, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला. एवढं सर्वांना कळलं, की इओपू नावाचं कोणीतरी गेलं, ती त्याची विधवा, आणि तो त्याचा मित्र; त्या बिचाऱ्याला बातमी आत्ता, आपल्यासमोर कळली. म्हणजे घरात मयत असताना या गावाने आपलं स्वागत रद्द केलं नाही! डुकरं भाजली, हार केले! तुलेईचे डोळे भरून आले. असं मोठं मन त्याने आजवर पाहिलं नव्हतं. आणि अशा वेळी आपण छपराचं बोललो, तर सात पिढ्या तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

त्याने हात वर केला. सहा बायका उठल्या, मोठी चटई उलगडली, आणि ती दोन्ही हातांनी उंच धरून, जशी मयतीला न्यायची तशी, हळूहळू पटांगण ओलांडून पेपेच्या दिशेने येऊ लागल्या. मागे मालाएताईची साठ माणसं शोकगीत म्हणू लागली. गळे चांगले होते.

सेउमालू वाकत वाकत फुआतिनोपाशी आले. “थांबव त्यांना!”

“मी? काय सांगू?”

“सांग की माणूस गेल्या वर्षी गेला!”

“म्हणजे साठ पाहुण्यांना सांगू, की तुम्ही साऱ्या गावासमोर फुकट रडलात?”

तोवर चटई पेपेच्या पायांशी आली होती. पेपेने डोळे पुसले, केस नीट केले आणि विधवेने जसं बसायचं तसं बसून ती स्वीकारली. आता परतीची वाट नव्हती. मयतीची चटई आली, की मयतीचं उत्तर द्यावंच लागतं.

“पाउगा,” सेउमालू दातांमधून म्हणाले, “बोल.”

पाउगा पुढे झाला. त्याने काठी टेकली. “हे निळं छप्पर...” तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, “या छपराखाली...” आणि पुन्हा थांबला. त्याने महिनाभर एकच भाषण पाठ केलं होतं. मयतीचं भाषण त्याने आयुष्यात केलं नव्हतं. करायची पाळीच आली नव्हती. त्याने अशा नजरेने मागे पाहिलं, की फुआतिनोला त्याची पहिल्यांदाच दया आली.

लाउमेआ उठले होते. त्यांनी पाउगाच्या हातून काठी काढून घेतली, जशी मुलाच्या हातून सुरी काढून घ्यावी तशी, आणि पायातल्या वहाणा सोडून गवतात उभे राहिले.

देवाचे आभार झाले. मालाएताईच्या घराण्यांचे मान झाले; एक धाकटी शाखा, जिचा मान तिकडचे लोकही गडबडीत गाळतात, तीही त्यांनी घेतली, आणि मांडवात दोन म्हातारे ताठ बसले. जुन्या सकाळी झाल्या, एकामागून एक. फुआतिनो बोटं मोजत होती. आता चौथा भाग. आता ते नवरीला आशीर्वाद देतील, किंवा पंपाचं उद्घाटन करतील. तिने बाहीचं टोक तोंडात धरलं.

“आणि आजचा दिवस,” लाउमेआ म्हणाले, “इओपूचा आहे.”

दोन वर्षांत पहिल्यांदा ते ज्या समारंभात उभे होते, त्याच समारंभाचं बोलत होते. समारंभ चुकीचा होता, हा भाग वेगळा.

“आम्ही एकोणीस वर्षांचे होतो,” ते पुढे म्हणाले. “धर्मोपदेशकांचा एक कोंबडा होता. लाल, शेपटीत हिरवं पीस. पहाटे प्रार्थनेच्या आधी आरवायचा आणि सगळ्या गावाला उठवायचा. आम्ही ठरवलं, याला खायचा. रात्री धरला, टोपलीखाली घातला आणि होडीत ठेवला, की उजाडता प्रवाळाच्या कडेपलीकडच्या वाळूच्या बेटावर जाऊन भाजू. उजाडलं. आम्ही कडेपर्यंत पोचलो. आणि त्याने बांग दिली. पाण्यावर आवाज जातो. किनाऱ्यावर धर्मोपदेशक उभे होते, लुंगी नेसलेले, हातात बायबल. ते काही बोलले नाहीत. नुसते उभे राहिले. आम्ही दुपारपर्यंत होडीत बसून राहिलो, ते दुपारपर्यंत किनाऱ्यावर उभे राहिले. शेवटी इओपू कोंबडा छातीशी धरून पाण्यात उतरला आणि चालत गेला. मी होडीत आडवा झालो होतो.”

मालाएताईच्या मांडवात कोणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. पण तुलेईच हसत होता, म्हणून मग सगळेच हसले.

“कोंबडा धरला कोणी होता?” लाउमेआ म्हणाले. “तोही इओपूनेच. मी तर टोपली धरून उभा होतो. मला कोंबड्यांची भीती वाटते.”

वाइतोआच्या बाजूला हसणं अर्ध्यात थांबलं. गेली साठ वर्षं हे दोघे त्या कोंबड्यावरून भांडत आले होते, की धरला मी. चर्चच्या पायरीवर, होडीत, एकमेकांच्या मुलांच्या बारशाला. लाउमेआंनी तो मान एकदाही सोडला नव्हता. आज सोडला. तो विसरून सोडला की आठवून, हे फुआतिनोला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

“कोंबडा माझ्या बापाचा होता,” पेपे रडता रडता तिच्या कानाशी म्हणाली. “तो परत द्यायला आला, तेव्हा पुढे मी आले. भिजलेला, नि कोंबड्याने हातभर बोचकारलेलं. गेल्या वर्षी बाहेरगावचे पाच जण बोलले, एकालाही हे सांगायचं सुचलं नाही. तुझ्या बाबांनाही नाही, तेव्हा त्यांनी नुसती घराणी सांगितली.”

पुढचं सगळं भराभर झालं. डुकरं उघडली, ती आता शोकाच्या परतभेटीत मोडत होती, पण खाणाऱ्याला चव तीच होती. नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू दोनदा फिरलं. दोन वाजता शाळेतल्या मुलांनी आठवण केली, की गाणं कधी म्हणायचं, तेव्हा सगळे उठून छपराखाली गेले. तुलेईने लाल डोळ्यांनी फीत कापली आणि म्हणाला, की हे छप्पर इओपूच्या नावाने असू दे. सेउमालूंनी मान डोलावली. दुसरं करणार काय?

बसमध्ये चढताना तुलेईने पाउगाला बाजूला घेतलं. “दफन कधी आहे? आम्ही थांबलो असतो.”

पाउगाला खोटं बोलता येत नव्हतं. “झालंय,” तो म्हणाला.

“झालं? कधी?”

“आम्ही जरा लवकर उरकतो.”

संध्याकाळी पेपे फुआतिनोच्या घरी येऊन बसली. लाउमेआ जेवून, तृप्त होऊन, गुणगुणत होते. कशामुळे बरं वाटतंय, ते त्यांना सांगता येत नव्हतं. पण बरं वाटत होतं.

“आता मासा पाठवायचा बंद करू का गं?” पेपेने हळूच विचारलं.

तेवढ्यात लाउमेआ वळले. “पेपे! आलीस? इओपू कुठे आहे?”

“मासे धरायला गेलाय,” पेपे म्हणाली. आणि फुआतिनोकडे वळून, “शुक्रवारी पाठवते, पोरी.”

सोमवारी सभा बसली. फुआतिनोला आत बसायचा हक्क नव्हता, म्हणून ती बाहेर बसली. भिंती नसल्यामुळे आत आणि बाहेर यांत फरक फारसा नव्हता. लाउमेआ आपल्या खांबाला टेकून, काठी मांडीवर घेऊन बसले होते. सभा त्यांच्याबद्दल आहे, हे त्यांना सकाळी दोनदा सांगितलं होतं.

“मी जे बोललो होतो ते बोललो होतो,” सेउमालू म्हणाले. “छपराच्या दिवशी मयत झाली. होय की नाही?”

“झाली,” सगळे म्हणाले.

“भाषण चांगलं झालं, हे मान्य. तुलेईने काल फोन करून पुन्हा रडून दाखवलं. पण पुढच्या महिन्यात मंत्री येतायत. त्यांना आपण पुरायचं का?”

कोणी हसलं नाही, कारण ते शक्य होतं. सेउमालूंनी लाउमेआंच्या मांडीवरच्या काठीकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

“मला बोलायचंय,” पाउगा म्हणाला.

“बोल.”

“पाहुणे आले, लग्न लागलं, मंत्री आले, मी बोलेन. पण मयतीला मी उभा राहणार नाही. मला येत नाही. परवा सगळ्यांनी पाहिलं. माझ्या बायकोनेही पाहिलं. लाउमेआंना दिवस कळत नाही, ते खरं. पण मयतीत ती अडचण नाही. मयतीला दिवस समोर पडलेला असतो. आणि ज्याच्याबद्दल बोलायचं, तो जुना माणूस असतो. जुनं त्यांच्याइतकं कोणाला आठवतं?”

सेउमालूंनी इतर वक्त्यांकडे पाहिलं. इतर वक्त्यांनी लाउमेआंकडे पाहिलं. लाउमेआ समुद्राकडे पाहत होते.

“म्हणजे फक्त मयती,” सेउमालू सावकाश म्हणाले.

“फक्त मयती,” पाउगा म्हणाला. “तिथे मी हुज्जतही घालणार नाही.”

अर्ध्या तासात ठरलं. काठी लाउमेआंकडे राहील. लग्नं, पाहुणे, पंप आणि मंत्री पाउगाकडे. मयती लाउमेआंच्या, त्यांच्या हयातीपर्यंत. फुआतिनोला वाटलं होतं, की ती भांडेल, सगळंच मागेल. पण लग्नातल्या त्या नवरीचा चेहरा तिला आठवला आणि ती गप्प बसली. काठी वाचली, एवढं तिला पुरे होतं.

घरी जाताना तिने त्यांचा हात धरला होता.

“सभेत काय झालं?” लाउमेआंनी विचारलं.

“सभा म्हणाली, मयतीला तुमच्याशिवाय दुसरं कोणी बोलायचं नाही. कोणी हुज्जतही घालायची नाही.”

लाउमेआ थांबले. “असं म्हणाली?”

“असं म्हणाली.”

“वा!” ते म्हणाले, आणि त्यांची पाठ ताठ झाली. “मोठा मान आहे, फुआतिनो.” मग अदबीने आवाज उतरवून त्यांनी विचारलं, “मग... आहे का कोणी?”

“अजून नाही, बाबा.”

“घाई नाही,” लाउमेआ म्हणाले.

पण त्या रविवारी चर्चमध्ये ते नेहमीसारखे पेंगले नाहीत. ते ताठ बसून, आपल्या वयाच्या एकेका माणसाकडे नीट पाहत होते. मधल्या प्रार्थनेत पुढच्या बाकावर सेउमालू दोनदा खोकले. लाउमेआंनी पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार आपुलकीने विचारलं,

“सेउमालू, तुमचे आजोबा कोणत्या साली जन्मले हो?”